पूर्व हलचे दोन हंगाम

हल शहरात नव्या माणसाशी ओळख झाली की नाव-गाव विचारून होताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो : नदीच्या कुठल्या अंगाला राहता? हल नावाचीच एक गढूळ नदी शहराला मधोमध चिरत जाऊन हंबरच्या खाडीला मिळते. पश्चिमेला हेसल रोड, म्हणजे ट्रॉलरवर मासेमारीला जाणाऱ्यांची वस्ती. पूर्वेला मालाच्या गोद्या, लाकडाच्या वखारी, कारखाने आणि होल्डरनेस रोड. पश्चिमेचा क्लब हल एफसी, काळा-पांढरा. पूर्वेचा हल किंग्स्टन रोव्हर्स, लाल-पांढरा. लोक त्याला नुसतं रोव्हर्स म्हणतात, नाहीतर रॉबिन्स. दोन्ही क्लब रग्बी लीगचे. फुटबॉलही आहे शहरात, पण कडाक्याचं भांडायचं असेल तर लोक रग्बीवरून भांडतात.

१९७९ साली मी मिरजेहून इथल्या एका इस्पितळात हाडांच्या विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून आलो. खोली मिळाली ती नदीच्या पूर्वेला, त्यामुळे रोव्हर्स आपसूक वाट्याला आले. खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर डॅन्सम लेनवर रेकिटचा कारखाना होता. आईने वर्षानुवर्षं बाबांच्या धोतरांना घातलेली रॉबिन नीळ आणि घरातली डेटॉलची बाटली याच कंपनीची, आणि ही कंपनी १८४० साली याच गावात सुरू झाली, हे कळलं तेव्हा परकं गाव एकदम सोयरिकीतलं वाटायला लागलं. शहरात मराठी घरं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी दुपारी करायला दुसरं काही नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टर होल्डरनेस रोडच्या. त्यांनी पहिल्यांदा मैदानावर नेलं, आणि मग ते सुटलंच नाही.

गेल्या वर्षी, २०२५च्या हंगामात, रोव्हर्सनी चॅलेंज कप, साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी लीग लीडर्स शील्ड आणि सुपर लीग या सर्वांत वरच्या लीगचं जेतेपद ही तिन्ही बक्षिसं जिंकली. त्याआधीचं मोठं यश १९८५चं. मधली चाळीस वर्षं हा क्लब आठवणींवर जगला. मी दोन्ही काळ पाहिले. गंमत अशी की, इतकी वर्षं जुन्या रोव्हर्सविषयी काही लिहायला बसलो की मजकुराला सुतकी कळा यायची. जणू गेलेल्या माणसाविषयी लिहितो आहे. आता तसं होत नाही. जुनं काय चांगलं होतं आणि काय वाईट होतं, हे आता मोकळेपणाने सांगता येतं.

रग्बी लीग या खेळाचा जन्मच बुडालेल्या मजुरीतून झाला. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-खाणींत शनिवारीही काम असे. सामन्याला गेलेल्या कामगाराची तेवढी मजुरी बुडायची. ती क्लबने भरून द्यावी, असं उत्तरेतल्या क्लबांचं म्हणणं. खेळ हौसेने खेळावा, पैसे कसले मागता, असं लंडनच्या धुरीणांचं. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे पंधराचे तेरा खेळाडू झाले, नियम बदलले. चेंडू घेऊन पळणाऱ्या संघाला सहा वेळा पाडेपर्यंत मुभा. तेवढ्यात रेषा गाठली नाही तर चेंडू समोरच्यांचा. अंगावर येणारा, वेगवान, समजायला सोपा खेळ. पण त्याच्या मुळाशी कामाचे तास आणि पगाराचं पाकीट होतं, आणि मी आलो तेव्हाही ते तसंच होतं.

तेव्हाचा हंगाम ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्यात संपायचा, म्हणजे त्याचा सगळा गाभा हिवाळा. होल्डरनेस रोडवरच्या जुन्या क्रेव्हन पार्कात ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीही होत. खेळाच्या मैदानाभोवती शर्यतीची पट्टी आणि तिच्या पलीकडे आम्ही उभे. डिसेंबर उजाडला की मैदानाच्या मध्यावर नुसता राड. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही संघ एकाच रंगाचे होऊन जात आणि चेंडू कोणाकडे आहे हे पळण्याच्या ढबीवरून ओळखावं लागे. हंबरवरून येणारा वारा हाडांत शिरायचा. मध्यंतरात पॅटी खायची : उकडलेला बटाटा कुस्करून त्यात सेज नावाचा वाळवलेला पाला घालायचा, पिठात बुडवून तळायचं आणि पावात घालायचं. पहिला घास घेतला आणि मला दादरच्या स्टेशनाबाहेरचा वडापाव आठवला. लसूण-मिरची तेवढी नव्हती. ती मी पुढे घरून डबीत नेऊ लागलो, आणि आमच्या पायरीवरचे दोघं-तिघं लाल चटणीचे नेमाने गिऱ्हाईक झाले.

खेळाडू अर्धवेळ होते. दिवसभर आपापली नोकरी, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव, रविवारी सामना. जिंकलं तर पैसे बरे, हरलं तर अगदीच किरकोळ. सोमवारी सकाळी आमच्या फ्रॅक्चर क्लिनिकबाहेरच्या बाकांवर शहरातला सगळा रग्बी बसलेला असायचा, व्यावसायिक क्लबांतला आणि गल्लीतल्या संघांतलाही. एका पोराचा हात मला अजून स्पष्ट आठवतो. गोदीत मालाच्या गोण्या हलवणारा, विशी-बाविशीचा. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडलेलं. या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे प्लास्टर बरेच आठवडे ठेवावं लागतं आणि तेव्हा अंगठाही त्यात बांधून टाकत. मी ओली पट्टी गुंडाळत होतो आणि तो एकसारखा विचारत होता, अंगठा मोकळा ठेवता येणार नाही का? गोणीला अडकवायचा आकडा अंगठ्याशिवाय धरता येत नाही, हे त्याने दुसऱ्या हाताची मूठ वळून मला दाखवलं. दुखण्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. पुढच्या शुक्रवारी पगार निम्मा येणार, याची चिंता त्याच्या कपाळावर होती. हाड सांधेपर्यंत त्याने मैदानावर यायचं सोडलं नाही. प्लास्टरचा हात कठड्यावर आपटत ओरडायचा.

मैदानावरचे आणि पायऱ्यांवरचे लोक सोमवारी एकाच वेळी भोंगा ऐकून कामावर जायचे. माझ्या मते तेव्हाच्या हंगामातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि ती पुन्हा येणार नाही.

त्या पहिल्याच हंगामाच्या शेवटी, ३ मे १९८० रोजी, चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर रोव्हर्स आणि हल एफसी समोरासमोर आले. एकाच शहराचे दोन क्लब, आणि ९५,००० प्रेक्षक. अख्खं शहर दक्षिणेकडे निघालं. बाहेर जाणाऱ्या ए-६३ रस्त्यावर कोणीतरी पाटी लावली होती, की शेवटच्या माणसाने निघताना दिवे मालवावेत. या पाटीची गोष्ट इथलं लहान पोरही सांगतं. माझी त्या शनिवारी ड्यूटी होती. अपघात विभागात एरवी पाय ठेवायला जागा नसायची. त्या दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं आणि आमच्याकडे पेशंट नव्हते. वॉर्डाच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीपुढे पलंग ओढून आणले होते. आमचा पोर्टर हेसल रोडचा, पक्का एफसीवाला. सिस्टर पूर्वेच्या. दोघांनी दोन टोकांना खुर्च्या मांडल्या आणि मधे मला बसवलं.

रोव्हर्सचा कर्णधार आणि प्रशिक्षक एकच माणूस होता, रॉजर मिलवर्ड. उंची पाच फूट चार इंच. कॅसलफर्डच्या खाणपट्ट्यातून १९६६ साली ६,००० पौंडांना रोव्हर्सकडे आलेला. सामना सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच त्याला उशिराने, चेंडू हातातून गेल्यावर, जबर धडक बसली आणि जबडा मोडला. तो उठला, जबडा हाताने चाचपला आणि उरलेला सगळा सामना तसाच खेळला. एवढंच नव्हे, ड्रॉप गोल मारून एक गुणही मिळवला. स्टीव्ह हबर्डचा ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं, आणि त्याच्याच तीन किक. १०-५. रोव्हर्सनी पहिल्यांदाच चॅलेंज कप जिंकला. सिस्टरशी लागलेल्या पैजेनुसार पोर्टर सोमवारी लाल-पांढरा मफलर गळ्यात घालून दिवसभर स्ट्रेचर ढकलत होता. पेशंटांनी टाळ्या वाजवल्या, त्याने मफलर काढला नाही.

त्या विजेत्या संघात विंगवर क्लाइव्ह सलिव्हन होता. वय ३७. मूळचा वेल्सच्या कार्डिफचा कृष्णवर्णीय; आयुष्याची उमेदीची वर्षं हल एफसीकडून खेळला, मग नदी ओलांडून रोव्हर्सकडे आला आणि दोन्हीकडच्या लोकांचा लाडका राहिला. १९७२ साली त्याच्या कर्णधारपदाखाली ग्रेट ब्रिटनने विश्वचषक जिंकला. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय माणूस. तेव्हाच्या इंग्लंडात रस्त्यावरून जाताना आमच्यासारख्यांना काय काय ऐकावं लागे, ते सांगण्याची ही जागा नाही. पण शनिवार-रविवारी हजारो गोरे कामगार सलिव्हनच्या नावाने घसा फोडून ओरडतात, हे पाहून परक्या गावात माझी मान किंचित ताठ व्हायची. १९८५ साली कॅन्सरने तो गेला, अवघ्या ४२व्या वर्षी. त्याच ए-६३ रस्त्याचा पश्चिमेकडून शहरात शिरणारा भाग आज क्लाइव्ह सलिव्हन वे आहे. हलमध्ये येणारा माणूस त्याच्या नावावरून गाडी घालूनच येतो.

मिलवर्डचं खेळणं त्या जबड्यानंतर फार टिकलं नाही, पण प्रशिक्षक म्हणून तो १९९१ पर्यंत राहिला आणि त्याने बांधलेल्या संघाचा मेरुमणी म्हणजे १९८४-८५चा हंगाम. आदल्या वर्षी रोव्हर्सनी लीग आणि प्रीमियरशिप दोन्ही जिंकले होते. त्या वर्षी काय नव्हतं? शरदात यॉर्कशायर कप, हिवाळाभर जॉन प्लेअर ट्रॉफी, फेब्रुवारीपासून चॅलेंज कप, ३० सामन्यांची लीग आणि शेवटी प्रीमियरशिप. एकाच हंगामात दोनदा अंतिम सामन्यात हलचे दोन्ही क्लब भिडले, आणि दोन्ही वेळा बूथफेरी पार्कवर, म्हणजे शहराच्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर. यॉर्कशायर कपात एफसीने आम्हाला २९-१२ असं धुतलं. जानेवारीत जॉन प्लेअरच्या अंतिम सामन्यात आम्ही त्यांना एकही गुण मिळू दिला नाही, १२-०. शून्य! हा आकडा पूर्वेच्या पबांमध्ये पुढे कित्येक वर्षं नुसत्या बोटांच्या खुणेने सांगितला जायचा.

न्यूझीलंडचा गॅरी प्रोहम त्या हंगामात ४५ ट्राय करून गेला, क्लबचा विक्रम. मागे जॉर्ज फेअरबेर्न. मधे ऑस्ट्रेलियाचे जॉन डोराही आणि गॅव्हिन मिलर. त्याच वर्षी खाणकामगारांचा संप चालू होता, मार्च १९८४ ते मार्च १९८५. कॅसलफर्ड, फेदरस्टन ही आमच्या लीगमधली गावं म्हणजे सगळी खाणपट्टीच. तिथे सामन्याला गेलं की फाटकाबाहेर संपावरच्या घरांसाठी मदतीचे डबे घेऊन बायका उभ्या असायच्या. आमच्या बसमधले गोदीवाले नोटा टाकायचे आणि आत जाऊन त्याच गावच्या संघाला शिव्यांची लाखोली वाहायचे. वसंतात लीगचं जेतेपद सलग दुसऱ्यांदा रोव्हर्सकडे आलं. पुढच्या वर्षी आमची मुलगी जन्मली. तिच्या जन्माच्या वर्षी वेम्बलीवर कॅसलफर्डने आम्हाला १५-१४ असं एका गुणाने हरवलं. पुढच्या सगळ्याचीच ती सलामी होती, असं आता म्हणता येतं.

मधल्या काळाविषयी थोडक्यात. १९८९ साली कर्जापायी जुनं क्रेव्हन पार्क विकावं लागलं. तिथे आज सुपरमार्केट आहे. जिथे फेअरबेर्न चेंडू झेलायचा तिथे ट्रॉल्या फिरतात. क्लब आणखी पूर्वेला, प्रेस्टन रोडच्या बाजूला नव्या मैदानावर गेला, आणि पहिल्या पायरीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या पायरीवर घसरला. १९९५ साली रूपर्ट मर्डोकच्या कंपनीचा पैसा आला, पुढे तो ८ कोटी ७० लाख पौंडांचा करार झाला, आणि त्यासोबत अट आली की काही क्लब एकत्र करा. हलच्या दोन्ही क्लबांचा मिळून हंबरसाइड नावाचा एक क्लब करायचा घाट होता. नदीच्या दोन्ही काठांचं एकमत मी त्या एकाच गोष्टीवर पाहिलं. यॉर्कशायरभर माणसं रस्त्यावर आली, विलीनीकरणं बारगळली. पण १९९६ साली सुपर लीग सुरू झाली तेव्हा रोव्हर्स त्यात नव्हते. दार उघडलं ते २००७ मध्ये.

त्यानंतरची वर्षं मुलीने माझ्याहून जास्त सोसली. २०१५ साली वेम्बलीवर लीड्सकडून ५०-०. २०१६च्या मे महिन्यात मिलवर्ड गेला आणि १ ऑक्टोबरला, क्लब वरच्या लीगमध्ये राहणार की खाली जाणार हे ठरवणाऱ्या सामन्यात, घरच्या मैदानावर दोन मिनिटं उरली असताना आम्ही १८-१० पुढे होतो. सॅलफर्डने दोन ट्राय केले, जादा वेळेत लांबून ड्रॉप गोल मारला, १९-१८. एका वर्षात परत वर आलो. २०२३ साली वेम्बलीवर ली या गावाच्या संघाकडून जादा वेळेत १७-१६. २०२४ साली ओल्ड ट्रॅफर्डला ग्रँड फायनलमध्ये विगनकडून ९-२. दर वेळी घरी परतताना गाडीत कोणीतरी १९८५ काढायचं आणि मुलगी म्हणायची, “बाबा, तुमचं ते वर्ष आता म्युझियममध्ये ठेवा.” तिचं बरोबर होतं. बापांनी मुलांना जिंकण्याच्या गोष्टी द्याव्यात आणि मुलांना मात्र हरणंच बघायला मिळावं, असं दोन पिढ्या चाललं होतं.

आता हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि ऑक्टोबरमध्ये संपतो. मैदान हिरवंगार आणि टणक असतं, सामने बहुतेक गुरुवारी-शुक्रवारी रात्री दिव्यांखाली, टीव्हीच्या सोयीने. खेळाडू पूर्णवेळ, त्यांचा आहार, झोप, पळण्याचा वेग, सगळं मोजलं जातं. हा खेळ जुन्या खेळापेक्षा सरस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जुन्या चित्रफिती पाहा. तिसऱ्या-चौथ्या पकडीनंतर माणसं धापा टाकत चालताना दिसतात. आजचा फॉरवर्ड शंभर किलोंचा असूनही विंगरसारखा वळतो. नव्या क्रेव्हन पार्कात आज बायका-मुलं निर्धास्त येतात, खाण्याच्या टपऱ्या आहेत, गाणं-बजावणं आहे, आणि तिकिटं हंगामभर मिळेनाशी झाली आहेत. पॅटी आहेच, वर हलचा लाडका लाल चिप स्पाइस भुरभुरतात, त्यामुळे माझी डबी आता घरीच राहते.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत मोठा फरक डोक्याच्या मारात दिसतो. तेव्हा बेशुद्ध पडून उठलेल्या माणसाला गार पाण्याचा स्पंज मारून परत पाठवत. आज संशय आला तरी त्याला बाहेर नेऊन तपासतात, पास झाला तरच परत. पकड किती उंचीवर करायची याचे नियम कडक झाले आहेत. जुन्या पिढीतल्या कित्येक खेळाडूंना स्मृतिभ्रंशाने ग्रासलं आहे आणि त्यांनी खेळाच्या कारभाऱ्यांवर दावे लावले आहेत. १९८०चा तो सामना पाहताना आम्ही मिलवर्डच्या धैर्याला टाळ्या वाजवल्या. आज ती चित्रफीत लागली की त्याला आत न्या, आत न्या, असं मला ओरडावंसं वाटतं. ज्यांना जुना काळ सरसकट सोन्याचा वाटतो, त्यांनी त्या लोकांच्या बायकांना विचारावं.

दोन गोष्टी मात्र गेल्या, आणि त्यांचं मला खरोखर वाईट वाटतं. एक म्हणजे तो पाच स्पर्धांचा हंगाम. यॉर्कशायर कप १९९३ला बंद झाला, जॉन प्लेअरचा नव्या नावाने चाललेला अवतार १९९६ला. छोट्या गावच्या क्लबाला हंगामात काहीतरी जिंकण्याची आशा असायची. ती राहिली नाही. सुपर लीगच्या तीस हंगामांत फक्त पाच क्लब विजेते झाले, आणि त्यातला पाचवा म्हणजे गेल्या वर्षीचे रोव्हर्स. दुसरी गोष्ट कामाची. खेळाडू आता गोदीत नाहीत आणि गोदीही ती गोदी राहिली नाही. अलेक्झांड्रा डॉकवर २०१६पासून सीमेन्सचा कारखाना आहे; तिथे पवनचक्क्यांची ७५ मीटर लांबीची पाती बनू लागली आणि पुढे त्याहूनही लांब. गोणीचा आकडा धरणारी माणसं सरली, त्यांची नातवंडं फायबर ग्लासचे थर लावतात. त्यांना चांगला पगार आहे, अंगठा मोकळा आहे. खेळाडू त्यांना शनिवारी सुपरमार्केटमध्ये भेटतो, सेल्फी देतो. सोमवारी त्यांच्यासोबत कामावर येत नाही.

आणि तरी २०२५ मध्ये जे झालं ते या शहराचंच होतं. क्लबचे मालक राहिलेले नील हजेल हलचेच वकील. पडत्या काळात त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. प्रशिक्षक विली पीटर्स ऑस्ट्रेलियाचा, २०२३ साली आला. कर्णधार एलियट मिंचेला. आणि संघाचा प्राण मिकी लुइस, हलचाच पोरगा, २०२४ साली लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅन ऑफ स्टील झालेला. बारीक अंगाचा, खोडकर, समोरच्याला चिडवून खेळणारा. त्याला पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हा मी मुलीला म्हणालो, अगं, हा मिलवर्डसारखा डावीकडे बघतो आणि उजवीकडे जातो. तिने डोळे फिरवले.

७ जून २०२५. वेम्बली, समोर वॉरिंग्टन. शेवटची काही मिनिटं, ते ६-२ पुढे. आमच्या भागातली सगळी माणसं गप्प. हे गप्प बसणं आम्हाला तोंडपाठ होतं. २०१५, २०२३, प्रत्येक वेळचं. मग टायरोन मेने चेंडू जमिनीलगत मारला, वॉरिंग्टनच्या बचावाचा गोंधळ उडाला आणि विंगर टॉम डेव्हिसने झेप घेऊन तो रेषेपलीकडे दाबला. ६-६. आता लुइसची किक. मुलीने माझा दंड इतका आवळला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. चेंडू खांबांच्या मधून गेला. ८-६. आमच्या मागच्या रांगेतला एक म्हातारा ओळख ना पाळख माझ्या गळ्यात पडला आणि एकच वाक्य म्हणत राहिला, की ऐंशी साली मी इथे होतो. चाळीस वर्षांचं ओझं होतं ते. माझी मुलगी रडत होती, हसत होती. तिच्या हयातीत पहिल्यांदाच तिच्या क्लबने काही मोठं जिंकलं होतं.

शील्ड सप्टेंबरमध्ये आली. ११ ऑक्टोबरला ओल्ड ट्रॅफर्डला ग्रँड फायनल, पुन्हा विगन, आणि या वेळी २४-६. सामना कधी हातातून जाईल अशी भीती वाटलीच नाही, हे माझ्यासारख्या रोव्हर्सवाल्याला पचायला जड गेलं. सामना संपल्यावर मिरजेहून भाच्याचा फोन आला. त्याने तो मोबाइलवर पाहिला होता. १९८५ साली लीग जिंकल्याची बातमी मी आईला आंतरदेशीयासारख्या निळ्या एरोग्रामवर कळवली होती, आणि तिचं उत्तर पोचेपर्यंत नवा हंगाम तोंडावर आला होता. तिने लिहिलं होतं, तुझे रॉबिन जिंकले ते बरं झालं, स्वेटर घालत जा.

आमच्या घरात आता एकच वाद रंगतो : १९८५चा संघ भारी की २०२५चा? सरळ सामना लावला तर आजचे सहज जिंकतील. वेग, ताकद, श्वास, कशातच तुलना नाही. म्हणून आम्ही दोन्ही काळ मिळून एक संघ काढायला बसलो. मागे फेअरबेर्न, त्यावर कोणाचाच आक्षेप नाही. एका विंगवर सलिव्हन, दुसऱ्यावर टॉम डेव्हिस. सेंटरला प्रोहम आणि पीटा हिकू. पुढच्या फळीत १९८०च्या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ब्रायन लॉकवुड हवाच, आणि त्याच्या मागे फिल लो. लूज फॉरवर्डला मी गॅव्हिन मिलर म्हणतो, जावई मिंचेला म्हणतो. तिथे मी माघार घेतली. हुकरला जेझ लिटन, तो माझ्याच तोंडून आला. राहिले दोन हाफबॅक. मिलवर्ड आणि लुइस दोघांनाही घेतलं, तर सहा नंबरची जर्सी कोणाची? मी मिलवर्डची म्हणतो, मुलगी लुइसची, आणि नातू कागदावर दोन्ही नावं लिहून खोडरबर हातात घेऊन बसला आहे.